ड्रममधलं झाड आणि नथ्थूआबा

"ताई, ह्या झाडले एकच माय पाहिजे. दोन माया भेटन्यात का ते मरस."

धुळ्याच्या नर्सरीत सुपडूभाऊंनी असं बजावलं, तेव्हा कामिनी हसली. हसू येण्यासारखंच होतं ते. आईवाचून हाल झालेली माणसं तिनं पाहिली होती, पण दोन आया मिळाल्या म्हणून दगावलेलं कुणी तिच्या ऐकिवात नव्हतं. ती "हो, हो" म्हणाली आणि वहीतल्या पुढच्या प्रश्नाकडे वळली. वहीत एकूण बावीस प्रश्न होते. सोळाव्या प्रश्नाला सुपडूभाऊंनी हात जोडले आणि ते गुलाबाच्या गिऱ्हाइकाकडे निघून गेले.

झाड होतं अ‍ॅव्होकॅडोचं. बुटक्या जातीचं कलम, कमरेइतकं उंच, मोजून चौदा पानं. कामिनी संक्रांतीला माहेरी आली होती, आणि हे झाड घ्यायचंच असं ठरवून आली होती. कारण होतं तिची लेक, भूमिका. वय साडेतीन वर्षं, वजन बारा किलो सातशे ग्रॅम. दर रविवारी भूमिकाला काट्यावर उभं केलं जाई आणि आकडा वहीत उतरवला जाई. डॉक्टर म्हणायचे, पोरगी ठणठणीत आहे. पण बी.एस्सी.ला रसायनशास्त्र घेतलेल्या कामिनीचा डॉक्टरांवर जेवढा विश्वास होता, त्याहून जरा जास्त मोबाइलवर होता. मोबाइल सांगत होता की मुलांच्या अंगी लागायला अ‍ॅव्होकॅडोसारखं फळ नाही. जळगावात ते फळ मिळायचं, नाही असं नाही. पण घेतलं तर एक तर वरवंट्यासारखं टणक निघायचं, नाही तर आतून काळं. तेव्हा तिनं ठरवलं, घरीच लावू.

एस.टी.त तिच्या एका मांडीवर भूमिका होती आणि दुसऱ्या मांडीवर झाड. कंडक्टरनं दोघांकडे पाहून विचारलं, "यांतलं हाफ तिकीट कोणाचं?"

जळगावातला त्यांचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर होता आणि बाल्कनी होती अडीच फूट बाय सात. त्यात कपड्यांचा स्टँड, कूलर, तीनचाकी सायकल आणि पाण्याचे दोन निळे ड्रम. नळ एक दिवसाआड येत असल्यामुळे जळगावात ड्रमला घरच्या माणसाइतका मान असतो. त्यातला एक ड्रम कामिनीनं अर्ध्यावर कापून आणला, तेव्हा तिचा नवरा योगराज नुकताच कामावरून आला होता. तो वरणगावच्या फॅक्टरीत कामाला. रोजची ये-जा, संध्याकाळी घरी येईपर्यंत माणूस थकलेला. तो एवढंच म्हणाला, "अंघोळीला आता झाडाकडे पाणी मागायचं का?"

माती, वाळू, नारळाचा भुसा, शेणखत, सगळं कामिनीनं मापानं घातलं. मग फ्रिजवर तक्ता लावला. दर तिसऱ्या दिवशी दीड लिटर पाणी, सकाळी सातला, तेही तिच्याच हातून. खाली लाल अक्षरात लिहिलं, "इतर कोणीही पाणी घालू नये." फ्रिजवर भूमिकाच्या खाण्यापिण्याचा एक तक्ता आधीच होता. आता दोन झाले.

फेब्रुवारीत तिसरा आला, कारण आबा आले.

आबा म्हणजे योगराजचे वडील, नथ्थूआबा. रावेरजवळच्या गावात पन्नास वर्षं केळी लावलेला माणूस. सासूबाई जाऊन तीन वर्षं झाली होती आणि आबा घरात एकटेच राहत. फेब्रुवारीत एका सकाळी ते न्हाणीत चक्कर येऊन पडले आणि दोन तास कुणाला पत्ता नव्हता. दूध घालायला आलेल्या मंदाबाईंनी हाका मारल्या, ओ आली नाही, म्हणून त्या आत गेल्या. मोठं काही झालं नाही, कपाळाला चार टाके पडले. पण ते दोन तास कामिनीच्या मनातून जाईनात. भाजी चिरताना, भूमिकाची वेणी घालताना मध्येच तिला ती न्हाणीतली फरशी दिसायची. तिनं योगराजला सांगितलं, "उन्हाळाभर तरी आबा इथेच राहतील. माझ्या डोळ्यांसमोर."

आबा आले आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाले, "चाललो मी गावी."

"का, आबा? काय कमी आहे?"

"कमी काहीच नाही वं पोरी. जेवू रायलो, गोया खाऊ रायलो, झोपू रायलो. अन् काय करू रायलो सांग?"

गोया म्हणजे गोळ्या. रावेरकडे 'ळ' सहसा तोंडाला लागत नाही. गोळ्यांची वेळ, रक्तदाब मोजायची वेळ (दिवसातून चारदा), बिनमिठाच्या वरणाची वेळ, झोपायची वेळ, सगळं तिसऱ्या तक्त्यात होतं. जिना एकट्यानं उतरायचा नाही, असं त्यातही लाल अक्षरात होतं. योगराज म्हणायचा, आपला फ्रिज उघडायच्या आधी माणसाला साक्षर व्हावं लागतं.

आबा सकाळभर हॉलच्या दारापासून बाल्कनीपर्यंत चालत. चौदा पावलं जायची, चौदा यायची. बाल्कनीच्या टोकाला झाडापाशी थांबत आणि नाक मुरडत.

"काय नाव म्हने याचं?"

"अ‍ॅव्होकॅडो."

"अवकाई?"

"अ‍ॅव्होकॅडो, आबा."

"तेच तं म्हनू रायलो, अवकाई. अवकाई पाऊसबी असाच येते, कोनी बोलावत नाही अन् येऊन बसते." पण बोलता बोलता त्यांचं बोट खोडावरून फिरत होतं. कलमाचा सांधा त्यांनी अंगठ्यानं दाबून पाहिला. मग त्यांनी एकदम डोळे बारीक केले. "ऐक. हे झाड मिरगापरंत जगलं तं मी राहीन. तू म्हनशीन तेवढे दिवस राहीन, एक शब्द काढनार नाही. मेलं तं त्याच दिवशी मी चाललो. ज्या घरात झाड जगत नाही, त्या घरात म्हातारं कसं जगीन?"

"कबूल," कामिनी म्हणाली. मृग नक्षत्र लागायला जून उजाडणार होता, पण तक्ता होता ना तिच्याकडे.

मार्च बरा गेला. झाडाला तांबूस कोवळी पानं फुटली आणि भूमिकाचं वजन तेरा किलो झालं. एप्रिल लागला आणि जळगावानं आपला रंग दाखवला. पारा चव्वेचाळीसवर गेला. दुपारी बारा ते चार रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसेना. त्या उन्हात झाडानं माना टाकल्या. आधी पानांची टोकं तपकिरी झाली, मग कडा वाळल्या, मग पानं हात जोडल्यासारखी खाली लोंबायला लागली.

कामिनीची झोप उडाली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळ्या लेकी माहेरी येतात; तिलाही धुळ्याला जायचं होतं, ते तिनं रद्द केलं. आई फोनवर ओरडली, "बठ्ठ्या पोरी येवाना शेतस, अन् तू झाडकरता थांबनी?" कामिनी म्हणाली, "झाडासाठी नाही गं, आबांसाठी." तेही खरंच होतं. तिनं भूमिकाचा थर्मामीटर मातीत खुपसून पाहिला. तक्ता पाहिला. एकही दिवस चुकला नव्हता. तरी माती कायम ओली, आणि वर मुंग्या. ओल्या मातीत झाड तहानलेलं दिसतं, हे कोडं तिला सुटेना. सुपडूभाऊंना फोन लावला, तर तिकडे लग्नातला बँड वाजत होता आणि ते "हॅलो, हॅलो" करून फोन ठेवत होते.

आबा दर सकाळी झाडाकडे पाहत आणि मग सहज विचारावं तसं विचारत, "रावेरची बस कितीची हाये?"

तेव्हा कामिनीनं पाळत ठेवायचं ठरवलं. रविवार होता, दुपारचे अडीच. कूलर घरघरत होता. जेवणं होऊन सगळं घर आडवं झालं होतं. तीही हॉलमध्ये सतरंजीवर पडली आणि उजेड नको म्हणून घेतात तशी पातळ ओढणी तोंडावर घेतली. ओढणीतून बाल्कनी स्वच्छ दिसत होती.

पाच मिनिटांत आबा उठले. चप्पल न घालता, पाऊल न वाजवता माठापाशी गेले, लोटा भरला आणि बाल्कनीत गेले.

"पी बाप्पा," ते झाडाला म्हणाले. "तिचा कागद काहीबी सांगते. एवढ्या उन्हात माही केयी असती तं दोनदा पानी पेली असती."

लोटा रिकामा करून ते परत येऊन पडले आणि लगेच घोरायला लागले. इतक्या लवकर कुणी खरं घोरत नाही.

कामिनी उठणार, तेवढ्यात ग्रीलपलीकडून एक हात आला. बांगड्यांनी भरलेला. शेजारच्या हसीनाबींचा. दोन्ही बाल्कन्या इतक्या चिकटलेल्या होत्या की इकडच्या डाळीला तिकडून फोडणी देता आली असती. हातात फ्रिजमधली बाटली होती.

"ले मेरे लाल," हसीनाबी कुजबुजल्या. "मक्खन का झाड और नसीब में ये धूप. पी ले." गार पाणी ड्रममध्ये गुडगुडलं.

मग योगराज. तो बिचारा चोरून चालायला मुळीच शिकलेला नव्हता, स्टँडला धडकला. हातात पाणी शुद्ध करायच्या मशीनमधून निघालेल्या टाकाऊ पाण्याची बादली. "वाया जातं तेवढंच," तो स्वतःशीच पुटपुटला आणि अर्धी बादली ओतून परत गेला. पानांची टोकं का जळत होती, ते कामिनीला तिथल्या तिथे कळलं. त्या पाण्यात सगळे क्षार. कमरेएवढं झाड आणि अर्धी बादली मीठपाणी! ओढणीखाली तिनं ओठ चावला.

शेवटी आली भूमिका. दोन्ही हातांत स्टीलचा पेला, जीभ बाहेर, सांडू नये म्हणून पावलं मोजून. पेल्यात दूध होतं. जेवणानंतरचं तिचं दूध, केशर घातलेलं, जे ती गेले दोन महिने "संपलं!" म्हणून रिकामा पेला पुढे करून सांगत होती, आणि ज्याच्यापुढे कामिनी वहीत रोज बरोबरची खूण करत होती.

"भूमी!"

सगळं घर एकदम उठून बसलं. आबांचं घोरणं मध्येच तुटलं. ग्रीलपलीकडे बाटली पडल्याचा आवाज आला.

पुढचा अर्धा तास बाल्कनीत पंचायत भरली. कामिनी मधोमध, हातात फ्रिजवरून उपटलेला तक्ता.

"हे काय लिहिलंय? मराठीतच लिहिलंय ना? इतर कोणीही."

"मी इतर हाये का?" आबा म्हणाले. "मी सासरा हाये."

"मला वाटलं टाकाऊ पाणी म्हणजे पाणी नाही," योगराज म्हणाला.

हसीनाबी ग्रीलला नाक लावून उभ्या होत्या. "कामिनी, मैं तो बस एक बाटली. एक बाटलीनं काय होतं, बेटा?"

"मी बी एकच लोटा देल्ला," आबा म्हणाले.

"मी पण रोज नाही, एक दिवसाआड," योगराज म्हणाला.

"झाडाला ताकद पाहिजे म्हणून," भूमिका म्हणाली. "तू म्हणते ना, दूध पिल्यावर ताकद येते."

कामिनीला बोलायला उसंतच मिळाली नाही, कारण भूमिकाचं संपलं नव्हतं. "आणि आई पण देते. पोळ्या झाल्या की. छोट्या पेल्यानं. तक्त्यात लिहीत नाही."

सगळ्यांच्या माना कामिनीकडे वळल्या. कामिनीचे कान लाल झाले. खरं होतं ते. पोळ्या लाटताना खिडकीतून ती लोंबलेली पानं दिसायची. हात पुसता पुसता तिच्याच्यानं राहवायचं नाही. अर्धा पेलाच तर. अर्ध्या पेल्याची काय नोंद करायची?

आधी हसीनाबी हसल्या. मग योगराज. मग आबा तर इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि त्यांना पाणी द्यायला चौघेही धावले.

हसणं ओसरल्यावर आबांनी बाही वर केली आणि हात कोपरापर्यंत मातीत घातला. बाहेर काढला, हुंगला आणि त्यांचा चेहरा बदलला. कामिनीलाही वास आला. तुंबलेल्या मोरीचा.

"मूय सडलं," आबा म्हणाले.

"आबा, पन्नास वर्षं केळी केलीत तुम्ही. जास्त पाणी झालेलं तुम्हाला कळलं नाही?"

"कयते ना. पन मले वाटे मी एकटाच देऊ रायलो. एका लोट्यानं कुठं मूय सडते?" त्यांनी हाताची माती झटकली. मग उठले. "असो. शब्द म्हनजे शब्द. सकायची बस पाह्य रे योगराज."

कामिनीनं मनात दिवस मोजले. मिरगाला तीन आठवडे होते आणि पारा पंचेचाळीस. गावचं ते पत्र्याचं घर, ती न्हाणी, ते दोन तास. ती एकदम मोठ्यानं म्हणाली, "मेलं कुठे अजून? पानं आहेत त्याला. शब्द मिरगापर्यंतचा आहे. आज कोणी बस बघायची नाही."

आबांनी तिच्याकडे पाहिलं. झाडाकडे पाहिलं. मग म्हणाले, "तं मंग विया आन."

"कशाला?"

"केयीचा कंद लावायच्या आंधी आम्ही काय करतो? सडकं मूय तासून काढतो, चांगलं ते ठेवतो, सावलीत सुकवतो, मंग लावतो. हे बी झाडच हाये ना? का इंग्रजी हाये म्हनून याले मूय नाही?"

मग सगळं घर कामाला लागलं. जुन्या साडीवर ड्रम आडवा केला. काळ्या, बुळबुळीत मुळांचा लगदा बाहेर आला, त्यात साईचे तुकडे. आबा मांडी ठोकून बसले, विळा दोन पायांत धरला आणि बटाटा सोलावा इतक्या हलक्या हातानं ते सडकं तासायला लागले. काळं गळून पडत होतं आणि आत कुठे कुठे पांढरं, जिवंत मूळ दिसत होतं. कामिनी मोबाइलचा उजेड धरून बसली होती. "इथं नका, इथं सांधा आहे," ती एकदा म्हणाली. "मले दिसू रायला," आबा म्हणाले. पण त्यांनी विळा तिथून सरकवला.

हसीनाबींचे मालक, चांदभाई, कूलर बनवायचे. उन्हाळ्यात त्यांना मान वर करायला फुरसत नसायची, पण बायकोचा फोन गेल्यावर ते ड्रिल घेऊनच आले. ड्रमच्या बुडाला कामिनीनं चार भोकं पाडली होती, त्यांनी अकरा पाडली. "भाभी, पाणी जायला वाट नको?" कूलरचा एक जुना लोखंडी स्टँड त्यांनी खाली दिला आणि गवताची एक जाळी उन्हाच्या बाजूला तारेनं बांधून दिली. वाळू कमी पडली, विटांचे तुकडे कमी पडले. खाली बांधकाम चालू होतं तिथून ते आणायला कोण गेलं? आबा. एकदा नाही, तीनदा. घमेलं खांद्यावर घेऊन जिना चढले. तिसऱ्या खेपेला त्यांच्याबरोबर वॉचमन होता, तळमजल्यावरचा एक पेन्शनर होता आणि दोघांना आबा केळीवर भाषण देत होते. कामिनीनं पाहिलं, पण तिचे हात मातीत होते, आणि काय बोलायचं होतं ते ती विसरली.

अर्धी पानं कापून झाड पुन्हा लावलं. आबांनी बोट उगारलं. "आता सहा दिवस पानी नाही. थेंब नाही. जो देईल त्याचा हात मी या वियानं तासीन."

ते सहा दिवस त्या घरानं उपासासारखे पाळले. उन्हात वाळणारं झाड डोळ्यांनी पाहायचं आणि हात बांधून बसायचं, हे पंचेचाळीस अंशांत सोपं नसतं. हसीनाबींनी बाल्कनीचं दारच लावून घेतलं. "देखा नहीं जाता." योगराज बादली घेऊन निघायचा आणि आबांचा खोकला ऐकून संडासाकडे वळायचा. पोळ्या करताना कामिनीनं खिडकीवर टॉवेल लावला. भूमिकानं दूध पिऊन टाकलं, कारण दुसरीकडे ओतायला जागाच उरली नव्हती. आणि आबा झाडापाशी खुर्ची टाकून राखण करत बसले. बसले म्हणजे काय, तळमजल्यावरचे पेन्शनर वर यायचे, वॉचमन यायचा, झाडाची तब्येत विचारायचा. एकदा आबा जिना उतरून गेले आणि तासाभरानं बाजारातून गिलके आणि मेथी घेऊन आले. "भाव करता येते का तुले?" त्यांनी कामिनीला विचारलं. "तुले रोज लुटतात."

सातव्या दिवशी सकाळी भूमिका ओरडत आली. "आई, झाडाला बोट आलं!"

सगळे धावले. कापलेल्या पानाच्या बेचक्यात, भूमिकाच्या करंगळीएवढा, लालसर, केसाळ कोंब.

आबा माठापाशी गेले. त्यांनी पेलाभर पाणी घेतलं आणि कामिनीच्या हातात दिलं. "दे तू."

मिरग आला. झाडाला नवी सहा पानं होती. पैज कामिनीनं जिंकली होती.

आबा शब्दाचे पक्के. त्यांनी बसची वेळ विचारणं बंद केलं. ते पुन्हा हॉलच्या दारापासून बाल्कनीपर्यंत चालायला लागले, चौदा पावलं जायची, चौदा यायची. गोळ्या मुकाट्यानं घेत. रक्तदाबाला हात मुकाट्यानं पुढे करत. बिनमिठाचं वरण मुकाट्यानं पीत. झाडाला आता त्यांची गरज नव्हती. पेन्शनर आपल्या मुलाकडे पुण्याला गेले. आबांच्या अंगावरचा सदरा एकदम मोठा दिसायला लागला.

एकदा पुतण्याचा फोन आला, अभिमनचा. आबांची जमीन तोच बघत होता. "काका, मिरगबागेचे कंद आले. सावलीत टाकले हायेत. किती तासू, अंदाज येईना." आबांनी फोन कानाला असा धरला होता जसं पलीकडे कुणी गात आहे. दहा मिनिटं ते सांगत राहिले. उजवा हात हवेत विळा चालवत होता. फोन ठेवला आणि हात मांडीवर येऊन पडला.

त्या दिवशी कामिनीनं आबांचा तक्ता काढला, नवा महिना लिहायला. मागचे चाळताना मेच्या तक्त्यात सहा दिवसांच्या चौकटी कोऱ्या दिसल्या. झाडाच्या गडबडीत सहा दिवस रक्तदाब मोजायचाच राहिला होता. ती घाबरली. मग आठवायला लागली. त्या सहा दिवसांत आबा दोन-दोन भाकरी खात होते, मिरचीचा ठेचा मागून घेत होते, आणि दुपारी खरे घोरत होते. सातव्या दिवशीचा आकडा होता, तो सगळ्या महिन्यातला सर्वांत चांगला.

ती तक्ता हातात घेऊन फ्रिजसमोर उभी राहिली. तिला ती न्हाणीतली फरशी दिसली. मग हवेत विळा चालवणारा हात दिसला. दोन्हींतलं एकही तिला पुसता येईना.

"आबा," ती म्हणाली, "गावी कधी जाताय?"

आबांनी मान वर केली. "मी कशाला जाऊ? शब्द देल्ला हाये मी. झाड जगलं."

"तो शब्द मला दिला होता ना? मग मी सोडते तुम्हाला त्यातून."

"अन् तुहे ते चार वक्ताचं मशीन?"

"मशीन बरोबर न्या. चारदा नको, एकदा मोजा. मंदाबाई सकाळी दुधाला येतातच. आणि दोन वेळा फोन, सकाळी एक, संध्याकाळी एक. तेवढं तरी कबूल करा."

"कबूल," आबा म्हणाले, आणि चेहरा गंभीर ठेवायचा त्यांनी फार प्रयत्न केला. पण भूमिकानं लगेच विचारलं, "आबा, तुम्ही का हसता?"

आबा गेले त्याला आता दोन महिने होत आले. पहिले आठ दिवस फोन वेळेवर आले. मग सकाळचा दुपारी यायला लागला. आता संध्याकाळचा आला तर आला. विचारलं की म्हणतात, "रेंज नव्हती वं पोरी." शेतात उभं राहून अख्ख्या रावेर तालुक्याशी बोलणाऱ्या माणसाला नेमकी जळगावची रेंज मिळत नाही. परवा तर दोन दिवस फोन बंद होता. कामिनीनं बॅग भरली, योगराजनं ती रिकामी केली, तिनं ती पुन्हा भरली, आणि तेवढ्यात अभिमनचा फोन आला की काका मजेत आहेत, पाणी सुटलंय म्हणून बागेत आहेत. ती बॅग अजून तशीच आहे. न जाण्याचं तिनं ठरवलंय, आणि ते ठरवणं तिला दर दोन तासांनी नव्यानं करावं लागतं.

म्हणून तिचं तुमच्याकडे एक काम आहे. तुमच्यापैकी कुणी या दिवसांत रावेरकडे निघालंच, केळीच्या गाडीवर म्हणा, नातलगांकडे म्हणा, तर रस्त्यावरच्या दूध डेअरीपाशी जरा थांबा आणि नथ्थूआबा कुठे आहेत असं विचारा. घरी नसतील, बागेत सापडतील. कामिनीनं पाठवलं असं मात्र सांगू नका, केळी बघायला आलो म्हणा. ते एक तास बोलतील, ऐकून घ्या. ऐकता ऐकता बघा, चालताना तोल जात नाही ना, डोक्याला टोपी आहे का, सदऱ्याच्या वरच्या खिशात गोळ्यांचं पाकीट दिसतंय का आणि त्यातल्या किती संपल्यात. निघताना त्यांच्या घरात डोकावून मोबाइलही बघा, चार्जिंगला लावलेला असतो पण भिंतीवरचं बटण बंद असतं. ते तेवढं चालू करा, आणि रस्त्याला लागलात की कामिनीला एक फोन करा.